रफिकभाईंचा अर्धा गुण

रफिकभाई गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या सातवीच्या वर्गात स्टॅबिलायझरचा पिवळा दिवा लागलेला होता. पिवळ्याचा हिरवा व्हायला अडीच-तीन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ वर्गात कोणी चकार शब्द काढत नाही. ही शिस्त मी लावलेली नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला सलग तीन मिनिटांची शांतता कधी मिळवता आली नाही, ती रफिकभाईंनी मिळवून दिली. फोन त्यांच्या जावयाचा होता. "साळवे बाई, अब्बा गेले. पहाटंच गेले. दुपारच्या नमाजनंतर नेऊन राह्यलो." मी नुसतं "बरं" म्हणाले.  तेवढ्यात हिरवा दिवा लागला आणि टीव्हीजवळ बसणारी मुलगी उठून म्हणाली, "बाई, लावू का?" मी मान हलवली, पण होकाराची की नकाराची ते तिलाही कळलं नाही आणि मलाही. शेवटी मुलांना सांगितलं, टीव्हीवाले चाचा गेले, आज आपण टीव्ही लावायचा नाही.  मग मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "बाई, मंग आता बिघडला तर?" एरवी मी अशा प्रश्नावर कान पिळला असता. त्या दिवशी नाही पिळला, कारण खरं सांगायचं तर माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं होतं आणि त्याची मला लाज वाटत होती.

रफिकभाईंचं दुकान जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या बाजारात. दुकान म्हणजे पत्र्याचं शटर, आत एक काउंटर, काउंटरवर काच आणि मागच्या भिंतीला लागून मेलेल्या टीव्हींची थप्पी. टीव्ही, मिक्सर, फवारणी पंपाचे चार्जर, मशिदीचा भोंगा, देवळाचा अॅम्प्लिफायर, सगळं तिथं एकाच रांगेत बसून आपल्या पाळीची वाट बघायचं. माणूस काडीसारखा बारीक. दोन चष्मे, एक डोळ्यांवर आणि एक कपाळावर, आणि दोन्हीपैकी कोणता जवळचा नि कोणता लांबचा हे त्यांना स्वतःला नेहमी विसरायला व्हायचं. कानामागे पेन्सिलीच्या जागी टेस्टर. शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत. बाकीचं शिक्षण उघडलेल्या मशिनींनी केलं, असं ते सांगायचे. मी टेंभुर्णीत राहते, त्यांच्या दुकानावरून रोज शाळेला जाते, पण पहिली दहा-बारा वर्षं आमची ओळख एका मिक्सरच्या भांड्यापुरतीच होती.

आमची शाळा टेंभुर्णीपासून सात-आठ किलोमीटरवर, जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. तेव्हा वर्ग सात आणि मुख्याध्यापक वाघ सर धरून शिक्षक चार. विज्ञान माझ्याकडे. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, कपाटात एक परीक्षानळी आणि लोहचुंबकाचा अर्धा तुकडा. हृदय शिकवताना मी वर्षानुवर्षं मूठ दाखवत आले. मूठ उघडायची, मिटायची, उघडायची, मिटायची. मुलंही मुठी उघडझाप करायची आणि परीक्षेत हृदयाला पाच बोटं काढायची. एकदा एक मोठे अधिकारी शाळेत आले. मी त्यांच्यापुढे साधनांचं रडगाणं गायलं, तेव्हा ते चहा पीत म्हणाले, "बाई, शिक्षक चांगला असला की साधनं लागत नाहीत. आम्ही खडू-फळ्यावरच शिकलो ना?" माझ्या तोंडाला कुलूप नाही. मी विचारलं, "साहेब, आणि तुमची मुलं?" त्यांनी चहा संपवला आणि पोषण आहाराचं रजिस्टर मागितलं. गरिबांच्या शाळेचं कौतुक करणाऱ्यांना मी फार ओळखून आहे. मूठ दाखवून शिकवण्यात मोठेपणा नाही, नाइलाज आहे.

आणि त्या वर्षी तो नाइलाज आमच्या गळ्याशी आला. मुख्य रस्त्याला लागून एक नवी खासगी शाळा निघाली. तिची पिवळी व्हॅन गावात यायला लागली आणि व्हॅनच्या अंगावर भल्या मोठ्या पडद्यासमोर बसलेल्या मुलांचं चित्र. गावातल्या माणसांना त्या चित्राची भुरळ पडली, यात त्यांची काय चूक? आपलं पोर पडद्यासमोर बसावं असं कोणाला वाटणार नाही? पण व्हॅनमध्ये जाणार होते ते मुलगे. पाचवी-सहावीतली आठ-दहा मुलं गेली असती तर पट इतका खाली आला असता की पुढच्या वर्षी सातवीचा वर्ग राहतो की जातो, अशी पाळी होती. आणि सातवी गेली की मुली घरी, हे सांगायला ज्योतिषी नको. वर्गात वैष्णवी होती, सहावीत. तिचे वडील तेजराव, घरी ट्रॅक्टर, बरी शेती, माणूस वाईट नाही. मला स्पष्टच म्हणाले, "बाई, पोराला व्हॅनमधी घालतो. पोरीचं पाहू. इथं सातवी राह्यली तर शिकंन, न्हाई तर घरीच हाये." पोरीचं पाहू... या दोन शब्दांत मराठवाड्यातल्या किती मुली बसलेल्या आहेत, ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यांतली एक मीही होते. माझ्या वडिलांनी पाहिलं म्हणून मी बाई झाले.

मग आम्ही चौघं शिक्षक पेटलो. लोकवर्गणी झाली, आम्ही आमची भर घातली, आणि जालन्याहून एक मोठा टीव्ही गोधडीत गुंडाळून टेम्पोतून आणला. गावात मोबाईलवर बोलणं होतं, पण इंटरनेट फक्त पाण्याच्या टाकीच्या सातव्या पायरीवर चालतं. मी रोज सुट्टीनंतर त्या पायरीवर बसून धडे उतरवून घ्यायचे आणि पेनड्राइव्हमध्ये भरायचे. व्हॅनवाले नावं लिहून घ्यायला यायच्या आदल्या दिवशी पालकसभा ठेवायची, सगळ्यांना हृदय दाखवायचं, असा माझा बेत. सभेला पंधरा दिवस असताना सरपंचांनी लोकार्पण ठेवलं. नवी वस्तू म्हटल्यावर नारळ आलाच. आमच्या घरी पूजाअर्चा नाही, वडिलांच्या पिढीतच ती सुटली, पण गावच्या रीतीत मी कधी नाक खुपसत नाही. सरपंच म्हणाले, ट्रॅक्टर आणला की त्याच्या चाकापाशी फोडतो, मग याच्याही पायापाशी फोडू. मी हसत म्हणाले, "फोडा की." वायरीचा बोर्ड टीव्हीच्या पायापाशी मीच ठेवला होता. उदबत्तीला घर नव्हतं म्हणून कोणीतरी ती टीव्हीच्या पाठीच्या भोकांत खोचली, तेही मी पाहिलं आणि गप्प बसले. सरपंचांनी नारळ फोडला, पाणी थेट बोर्डात आणि शिंतोडे टीव्हीच्या पाठीच्या भोकांत. एक फट्ट झालं, उदबत्तीच्या वासात दुसराच वास मिसळला आणि पडदा एकदा लखलखून काळा पडला. टाळ्या मात्र वाजल्या, कारण मागच्यांना वाटलं सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गोधडी, तोच टीव्ही, आणि मी रफिकभाईंच्या दुकानात. टीव्ही नवा होता, कंपनीचा माणूस यायला महिना लागेल असं दुकानदार फोनवर म्हणाला होता, आणि पाणी गेलं म्हटल्यावर हमी बाद. रफिकभाईंनी मागचं झाकण काढलं. एक चष्मा वर, एक चष्मा खाली. आत वाकून वास घेतला, बोटाने काहीतरी खरवडलं आणि बोट जिभेला लावलं.

"बाई, याला नारळ पाजला का कोणी?"

मी खोटं बोलणार होते. चौदा दिवस, सातवी, वैष्णवी, सगळं सांगून टाकलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "माणसं बी कमाल करतेत. नव्या नवरीला कोणी विहिरीत ढकलतं का? आन् ह्ये उदबत्तीची राख... बराबर सप्लायच्या कार्डावर." मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. दोन्ही एकदम आलेलं पाहून त्यांनी मला स्टूल दिलं. पाच दिवसांत त्यांनी टीव्हीला वीज पुरवणारं ते कार्ड जिवंत केलं. मेलेल्या टीव्हींच्या थप्पीतून एकेक अवयव काढून लावला. पण टीव्ही नुसता परत द्यायला तयार होईनात. म्हणाले, "तुमचं गाव लाइनीच्या शेवटाला हाये. शेतातल्या मोटारी चालू झाल्या की करंट पडतो, बंद झाल्या की उसळतो. ह्याला तसाच लावला तर आठ दिवसांत पुन्हा मरंन. मी येतो संगं." आणि मोटारसायकलच्या कॅरेजवर एक जुना स्टॅबिलायझर बांधून आमच्या शाळेत आले.

वर्गात येताना चपला बाहेर काढल्या. आम्हीसुद्धा वर्गात चपला घालून फिरतो. मुलांना म्हणाले, "हे पाहा, बटण दाबलं का पिवळा दिवा. पिवळ्याचा हिरवा व्हईस्तोवर कोणी बोलायचं न्हाई, कोणी हात लावायचा न्हाई. मशीन करंट तपासून राह्यली. तिला तपासू द्यायचं. जल्दी करायची न्हाई." सगळा वर्ग पिवळ्या दिव्याकडे बघत बसला. हिरवा लागला. रफिकभाईंनी टीव्हीच्या बटणाकडे हात नेला, क्षणभर थांबले, ओठांतल्या ओठांत "बिस्मिल्ला" म्हणाले आणि बटण दाबलं. पडदा उजळला. मुलांनी जो आवाज केला तो अजून माझ्या कानात आहे. त्या दिवशी ते जाणार होते, पण मागच्या बाकावर बसले आणि पूर्ण तास बसले. विद्युत परिपथाचा धडा होता. मी तास संपवून फळा पुसत होते तेव्हा जवळ येऊन म्हणाले, "चाळीस वर्षं झाली, मी ह्येच करून राह्यलो. पण करंट आत कसा जातो ते आज डोळ्यानं पाह्यलं." त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला माझ्या नोकरीचा, बऱ्याच वर्षांनी, अगदी मनापासून अभिमान वाटला.

सभेच्या दिवशी मी त्यांना मुद्दाम बोलावलं, काही झालंच तर हाताशी असावेत म्हणून. वर्ग माणसांनी भरला. बायका खाली, पुरुष भिंतीला टेकून. तेजराव दारात उभे, पोराचा दाखला मागायला आलेले, बाहेर त्यांचा ट्रॅक्टर. मी दोन वाक्यं बोलले, पिवळा दिवा लागला... आणि लाइट गेली. भिंतीला टेकलेल्यांत कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, "व्हॅनच्या शाळेत जनरेटर हाये म्हन्तेत." वाघ सर खिडकीबाहेर बघायला लागले.  मूठ उघडून दाखवावी की काय, असं क्षणभर वाटलं. तेवढ्यात रफिकभाई मागून उठले. कॅरेजवर त्यांनी एक जुना इन्व्हर्टर आणलेला होता, पण त्याला बॅटरी नव्हती. त्यांनी दारातून बाहेर पाहिलं, मग तेजरावांकडे पाहिलं.

"तेजरावभाऊ, ट्रॅक्टरची बॅटरी काढून राह्यलो. अर्ध्या तासानं बसवून देतो."

"अन् मंग मी घरी कसा जाऊ?"

"जाता काहून? बसा की. पोरगी काय शिकते ते पाहून जा."

तेजरावांना हो म्हणायला वेळच मिळाला नाही. दोन जण गेले, पाना लावला, बॅटरी उचलून वर्गात आणली. पिवळा, मग हिरवा. या वेळी मोठी माणसंही गप्प होती. रफिकभाई थांबले, ओठ हलले, बटण दाबलं आणि पडद्यावर हृदय धडधडायला लागलं. तेजराव दारातून आत आले ते कधी आले ते कळलंच नाही. झडपा उघडताना-मिटताना पाहून एक जण म्हणाला, "अरे, हा तर मोटारीचा व्हॉलच हाये. पाणी मागं येऊ नये म्हणून बसवतेत तसा." मी म्हणाले, अगदी बरोबर, पाण्याच्या जागी रक्त. मग पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "बाई, माझ्या छातीत बी आत्ता असंच चालू हाये का?" मी हो म्हणाले. तिने हात छातीवर ठेवला. तिचं पाहून शेजारच्या बाईने ठेवला, मग भिंतीला टेकलेल्यांनीही. अख्खं गाव आपापल्या छातीवर हात ठेवून पडद्याकडे बघत होतं. इतक्या वर्षांत माझ्या मुठीने हे कधी झालं नव्हतं, आणि ते कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही.

तेजराव मात्र हृदयाकडे कमी आणि बॅटरीकडे जास्त बघत होते. शेजाऱ्याला कोपराने ढोसून सांगत होते, "माझ्या बॅटरीवर चालू हाये सगळं." सभा संपल्यावर मी दाखल्याचं विचारलं तर म्हणाले, "आता बॅटरी इथं अन् पोरगं तिथं, असं कसं चालंन? राहू द्या." व्हॅनमध्ये त्या वर्षी दोनच मुलं बसली. सातवी राहिली. आणि त्या दिवसापासून गावात एक नवी रीत पडली, तिला लोक 'बॅटरीची पाळी' म्हणतात. ट्रॅक्टरवाली घरं आळीपाळीने एकेक आठवडा आपली बॅटरी शाळेत ठेवतात. पेरणीच्या दिवसांत कुरकुर होते, एखाद्या सोमवारी बॅटरी येतच नाही आणि मला कोणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसावं लागतं. पण आजवर पाळी मोडलेली नाही. गणपतीच्या वर्गणीवरून भांडणारी भावकीसुद्धा बॅटरीवरून भांडली नाही.

रफिकभाई दर मंगळवारी यायला लागले. आठवडाभराची धूळ पुसायची, वायरी तपासायच्या आणि मागच्या बाकावर बसून एक तास ऐकायचा. मुलांनी त्यांना चाचा करून टाकलं. कधी कधी ते धड्याला टोकायचेही. एका चित्रफितीत एक माणूस ओल्या हाताने स्विच दाबत होता, तर ताडकन उठून म्हणाले, "बंद करा बाई, ह्ये बिलकुल चुकीचं हाये," आणि पुढचा अर्धा तास त्यांनीच घेतला. बंद पडलेला पंखा उघडून मुलांच्या हातात दिला. त्यानंतर मुली आधी हात पुसायच्या, मगच बटणाकडे जायच्या. मला तेव्हा समजलं की शाळेला टीव्ही मिळाला यात अर्धीच गोष्ट झाली. कितीतरी शाळांत अशा वस्तू आल्या आणि बिघडल्या, किंवा बिघडतील या भीतीने कपाटात कुलूपबंद राहिल्या. वस्तूबरोबर तिची भीती घालवणारा माणूस लागतो. तो आम्हाला मिळाला, तोही आमच्याच गाढवपणामुळे. नारळ नीट फुटला असता तर रफिकभाई आमच्या शाळेत आलेच नसते, असं मी सरपंचांना सांगते तेव्हा ते दरवेळी नव्याने खूश होतात.

आता त्या अर्ध्या गुणाचं. वैष्णवीचा वर्ग सातवीत आला. घटक चाचणीत मी प्रश्न काढला, वर्गातील टीव्ही सुरू करण्याची कृती क्रमाने लिहा, गुण पाच. पेपर तपासायला बसले आणि पहिल्याच उत्तरपत्रिकेला अडखळले. एक, हात कोरडे करावेत. दोन, स्टॅबिलायझरचे बटण दाबावे. तीन, हिरवा दिवा लागेपर्यंत शांत बसावे. चार, बिस्मिल्ला म्हणावे. पाच, टीव्हीचे बटण दाबावे. दुसरा पेपर, तेच. तिसरा, तेच. अख्ख्या वर्गाने लिहिलं होतं. कॉपी नव्हती. त्यांच्या दृष्टीने तो कृतीचा भागच होता. पाटलाची पोर असो, आमच्या समाजाच्या वस्तीतली असो, शाळेतल्या दोन मुसलमान घरांतली असो, टीव्ही सुरू करताना सगळी तेच म्हणत होती. मी इतके दिवस ते ऐकत होते, पण कागदावर पाहिल्यावर घाबरले. पेपर तपासणीला केंद्रशाळेत गेले तर? कोणी फोटो काढून कुठे पाठवला तर? मी लाल पेनने चौथ्या पायरीवर रेघ मारली आणि प्रत्येकाचा अर्धा गुण कापला. स्वतःला सांगितलं, शास्त्रीय दृष्टिकोन आहे हा. आमच्या घरात तर कोणाचंच नाव घेऊन बटण दाबत नाहीत. पण मला ठाऊक होतं की मी शास्त्रासाठी कापला नव्हता, भीतीपोटी कापला होता.

मंगळवारी रफिकभाई आले तेव्हा मी त्यांना हसत हसत सांगितलं. म्हटलं, बघा तुमच्यामुळे माझा वर्ग नापास व्हायची वेळ आली. ते पोट धरून हसले, दोन्ही चष्मे खाली आले. मग ते जागेवर चढवले. म्हणाले, "बराबर कापला बाई. मशीनला बिस्मिल्ला लागत न्हाई. ते मला लागतं." कानामागचा टेस्टर हातात घेऊन म्हणाले, "तरणा असताना एकदा करंटनं फेकलं होतं मला. अख्खं घर पार करून दारात पडलो. मरून वापस आलो. तवापासून बटणाआधी हात कापतो. तेवढं म्हटलं का थांबतो."  चाळीस वर्षं रोज शंभर बटणं दाबणाऱ्या माणसाला प्रत्येक बटणाची भीती वाटत होती, आणि ती मुलांना दिसू नये म्हणून तो ओठांतल्या ओठांत बोलत होता. मुलांनी भीती घेतलीच नाही. नुसता शब्द घेतला. "एक पेपर मला देता का?" त्यांनी विचारलं. वैष्णवीचा सगळ्यात वर होता, तो दिला. तिला साडेचार पडले होते. त्यांनी घडी केली आणि वरच्या खिशात ठेवली. मला वाटलं, घरी दाखवून हसतील.

यानंतरची वर्षं चांगली गेली. वैष्णवी आता टेंभुर्णीला अकरावी शास्त्रला आहे, सायकलने जाते. तिच्या पाठोपाठ सातवीतून मुलींच्या किती तरी जोड्या सायकलवर गेल्या. गेल्या दिवाळीनंतर रफिकभाईंना धाप लागायला लागली. मंगळवार चुकायला लागले, तेव्हा त्यांनी फोनवरून दुरुस्ती सुरू केली. मी टीव्हीमागे वाकलेली, फोन कानाला आणि पलीकडून, "काळी वायर न्हाई बाई, तिची बहीण... हां, तीच." शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. खाटेवर उशाला टेकून बसले होते. डॉक्टरने जालन्याला नेऊन हृदयाची तपासणी करवली होती. मला म्हणाले, "पडद्यावर दाखवलं त्यांनी. म्या डॉक्टरला म्हटलं, ह्यो डाव्या बाजूचा व्हॉल, बराबर ना? डॉक्टर म्हणे, चाचा, कोणत्या कॉलेजात होता? म्या म्हटलं, जिल्हा परिषदेच्या." आणि स्वतःच हसले, खोकला येईपर्यंत. मी त्यांच्याइतकं समाधानानं आजारी असलेलं माणूस दुसरं पाहिलं नाही.

परवा त्यांचा चाळिसावा झाला. घरी जेवणं होती. मी, वाघ सर, तेजराव आणि वैष्णवी गेलो होतो. निघताना शमीमभाभी, रफिकभाईंच्या पत्नी, मला म्हणाल्या, "बाई, दुकानातून चला. जावई उद्यापासून बसणार हाये, त्याच्याआधी एक चीज दाखवायची." शटर वर केलं. मेलेल्या टीव्हींची थप्पी तशीच. काउंटरच्या काचेखाली एकच कागद होता, वैष्णवीचा पेपर. उन्हाने पिवळा पडलेला, पण माझी लाल रेघ ताजी वाटावी इतकी ठळक. भाभी म्हणाल्या, "हर गिऱ्हाइकाला दाखवायचे. म्हणायचे, पाहा, मी शाळेत शिकवतो." रेघेबद्दल ते कोणाला काही बोलले नव्हते.

मी भाभींना काच उचलायला सांगितली. पर्समधून लाल पेन काढलं. चौथ्या पायरीवरची रेघ काही पुसता येण्यासारखी नव्हती, म्हणून तिच्या शेजारी बरोबरची खूण केली. साडेचार खोडून पाच लिहिलं आणि खाली सही केली, आम्ही खाडाखोड झाली की करतो तशी. वैष्णवी माझ्या खांद्यावरून बघत होती. 

"चूक होती का बाई त्यांची?" भाभींनी विचारलं.

"नाही भाभी. माझी."

त्यांनी काच परत जागेवर ठेवली आणि ओढणीच्या टोकाने पुसून घेतली.